पाण्याच्या ओढीनं रंग मिसळताना

जलरंगात रंग एकमेकांत मिसळतात ते पाण्याच्या ओढीनं. कुंचला फक्त वाट दाखवतो.

सुरुवात आकाशापासून करा. 300 जीएसएमचा कागद बोर्डावर चिकटपट्टीनं पक्का बसवा आणि बोर्डाची वरची कड थोडी उचलून ठेवा. अल्ट्रामरीन निळा भरपूर पाण्यात कालवून सगळ्यात वर आडवा पट्टा ओढा. त्याच्या खालच्या कडेला ओला रंग साचेल. तो सुकण्याआधीच पुढचा पट्टा त्याला भिडवा. दर वेळी कुंचल्यात रंग कमी, पाणी जास्त. क्षितिजापर्यंत निळा आपसूक फिका होत जातो.

ढगांसाठी आधी कागद स्वच्छ पाण्यानं ओला करा. कागदावर चकाकी असेतो रंग सोडला, तर तो मऊ पसरतो. चकाकी गेली, की हात आवरा. अर्धवट सुकलेल्या रंगावर पाणी पडलं, तर ते रंगकण ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात.

एखादी कड फार ठळक वाटली, तर स्वच्छ, ओलसर कुंचला तिच्यावरून लगेच फिरवा. जलरंग सुकल्यावर फिका होतो, म्हणून रंग थोडा गडदच घ्या. आणि पहिले काही कागद केवळ या सरावासाठी बिनधास्त वापरा.