मुलं बोलती राहावीत म्हणून



संध्याकाळचे साडेसात. क्लास सहालाच सुटलेला. मुलगा आत्ता घरात शिरतोय.

"कुठे होतास?"
"इथेच."
"इथेच म्हणजे कुठे?"
"आई, लगेच सुरू नको ना होऊस!"

पुढच्या पाच मिनिटांत चाचणीचे मार्क, मोबाइल आणि मावशीच्या मुलीची शिस्त असं सगळं निघतं. दार आपटतं. जेवणाचं ताट झाकून ठेवावं लागतं.

आठवी ते बारावीतलं मूल असलेल्या घराला हे नवीन नाही. पण भांडण नेमकं कशावरून झालं? उशिरावरून की मार्कांवरून? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी अशा खटक्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. बहुतेक खटके पसारा, कपडे, मित्र, घरी यायची वेळ अशा रोजच्या गोष्टींवरून उडतात. आईवडिलांना तो शिस्तीचा किंवा काळजीचा प्रश्न वाटतो. मुलाला वाटतं, हे माझं मी बघेन. म्हणजे वाद असतो तो या गोष्टीत शब्द कोणाचा चालणार, याचा.

म्हणून बोलण्याआधी स्वतःला विचारावं, हा विषय कोणाचा? केस कसे कापायचे, कोणती गाणी ऐकायची, हे त्याचं. तिथे आपण हात आखडता घ्यावा. पण सोळाव्या वर्षी मित्राची मोटरसायकल उडवायची, हे चालणार नाही म्हणजे नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आली. ती मुलाला शांतपणे सांगावी. केसांवरून रोज कटकट करणाऱ्या घरात गाडीबद्दलचा नकारही त्याच कटकटीत जमा होतो.

सकाळी उठण्यावरून होणाऱ्या आरडाओरड्याबद्दलही थोडं सांगायला हवं. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. झोप मात्र आठ ते दहा तासांची लागते. सातच्या शाळेला न उठणारं मूल आळशीच असतं असं नाही. रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा नियम जरूर करा, पण तो आईबाबांच्या मोबाइललाही लागू हवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. स्वीडनमधले संशोधक हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मूल कुठे जातं, काय करतं हे पालकांना कळतं कसं? पाळत ठेवून किंवा खोदून विचारून कळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त, मुलाने आपणहून सांगितल्यामुळे कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं. चोरून चॅट वाचणाऱ्या पालकाला चार ओळी मिळतील. पण मुलाला ते कळलं की त्याचं सांगणंच बंद होतं.

समजा, मुलगी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आज वर्गात एकीने व्हेप आणलं होतं." आई तत्काळ म्हणाली, "तिच्याशी अजिबात बोलायचं नाही!" विषय तिथेच संपला. पुढच्या वेळी कोणी काय आणलं ते आईच्या कानावर येणार नाही. त्याऐवजी "बाई गं! मग तू काय केलंस?" एवढंच विचारलं, तर पुढची दहा मिनिटं मुलगी बोलेल. समज द्यायची असेल तर ती नंतर, रात्री सावकाश देता येते. समोर बसवून चौकशी केलेल्या मुलापेक्षा स्कूटरवर मागे बसलेलं किंवा कपड्यांच्या घड्या घालणारं मूल जास्त बोलतं.

आणि बाबांनो, "बाबांना सांगू नकोस हं" हे वाक्य तुमच्या घरात वरचेवर होत असेल तर त्याची काळजी करा. मुलाशी आपलं बोलणं मार्क आणि पैशांपलीकडे शेवटचं कधी गेलं, ते आठवून बघा.

ऐकणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्याही हातात बरंच आहे. "उशीर होतोय, आठपर्यंत येतो" एवढा मेसेज विचारायच्या आत गेला, तर निम्मं भांडण टळतं. अकरावीला सायन्स नको असेल तर नुसतं "नको" म्हणू नका. काय हवं, ते कुठे शिकवतात, फी किती, पुढे काय करता येतं, हे कागदावर मांडून आईबाबांपुढे ठेवा.

मूल जेवत-झोपत नसेल, मित्रांनाही टाळत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ते वयाचं खूळ म्हणून सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मूल स्वतः बोलायला तयार नसेल, तरी आईवडिलांनी फोन करावा.