खाडीच्या चिखलातला कर्ब

आमच्या पापडीहून वसईच्या खाडीकडे निघालं की मिठागरं, खाजणं आणि तिवरांची दाट रांग लागते. त्या तिवरांच्या बुडाशी ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभी राहून कॉलेजची मुलं पाइप रोवताना कधी दिसली, तर ती काय करतात ते आज सांगणार आहे.

ती कर्ब, म्हणजे कार्बन, मोजतात. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात हे आपण शाळेत शिकलो. पण खाडीत खरा साठा झाडात कमी आणि झाडाखालच्या चिखलात जास्त असतो. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा येतं, चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे पडलेली पानं आणि मेलेली मुळं नीट कुजतच नाहीत. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो त्याच हवाबंद चिखलाचा. 2010 च्या सुमाराला हिंदी आणि प्रशांत महासागराकाठच्या, तिवरांसारख्या खारफुटींची मोजणी झाली. तेव्हा हेक्टरी सरासरी हजार टनांच्या आसपास कर्ब निघाला, आणि त्यातला बहुतेक जमिनीत होता. झाडात नव्हे, चिखलात. हे लक्षात असू द्या.

मी रसायनशास्त्र शिकवत होतो, म्हणून मला या कामाची गोडी लागली ती प्रयोगशाळेत. वाळवून चाळलेल्या चिखलावर नारिंगी डायक्रोमेट ओतायचं, वरून सल्फ्युरिक आम्ल. फ्लास्क इतका तापतो की हातात धरवत नाही. अर्धा तास थांबायचं, मग ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडायचं. गढूळ रंग आधी जांभळट-निळा होतो आणि एका थेंबासरशी लख्ख हिरवा. वॉकली आणि ब्लॅक या दोघांची ही पद्धत 1930 च्या दशकातली, आजही कॉलेजांना परवडणारी. पण आमच्या खाडीत एक अडचण आहे: मीठ! मिठातला क्लोराइडही डायक्रोमेट खातो, आणि कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. शेतातल्या मातीला चालणारी कृती मिठागराशेजारच्या चिखलाला जशीच्या तशी लावली तर आकडा फुगतो. म्हणून आम्लात सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइडला आधी अडवावं लागतं. ते महाग, म्हणून मुलं चिमूटचिमूट जपून वापरतात. त्यांची ती काळजी पाहिली की मला फार बरं वाटतं.

पुढचा हिशेब सोपा आहे. समजा, एक हेक्टर जागा, मीटरभर खोली, म्हणजे दहा हजार घनमीटर चिखल. घनमीटरला 0.8 टन कोरडं वजन आणि त्यात दोन टक्के कर्ब धरला, तर 160 टन झाले. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत त्याची जवळजवळ पावणेचारपट. हे उदाहरणाचे आकडे आहेत, आमच्या खाडीचे नव्हेत.

आमच्या या पट्ट्याचा अभ्यासही झाला आहे. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांनी ठाणे खाडी आणि उल्हास नदीचं मुख अनेक वर्षं अभ्यासलं. वसईची खाडी म्हणजे त्याच उल्हासचं शेवटचं टोक. कायद्याचं थोडक्यात सांगतो: 2005 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीपासून 50 मीटरच्या आत बांधकामाला बंदी घातली, 2012 च्या सुमाराला खारफुटीसाठी राज्याचा कांदळवन कक्ष निघाला.

आता खारफुटीचं पुनरुज्जीवन म्हटलं की लोक रोपं घेऊन धावतात. माझं मत थोडं वेगळं आहे. भरावामुळे किंवा बांधामुळे भरतीचं पाणी जिथे पोचतच नाही, तिथे रोपं लावली तर ती वाळतात. आधी पाणी, मग रोप. पुन्हा सांगतो, आधी पाणी. ओहोळ मोकळा झाला आणि जवळपास जुनी तिवरं असली, तर पावसाळ्यात गळणारं त्यांचं बी भरतीबरोबर वाहत येतं आणि आपसूक रुजतं. झाडं काही वर्षांत उभी राहतील, पण मीटरभर चिखलातला कर्ब साचायला शतकं लागतात. तो उपसून वर टाकला की हवा लागते आणि पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणून आहे ती खाडी सांभाळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

खाडीत पाणी कुठून शिरायचं, कुठली उघाडी कधी उघडायची, कुठला बांध कुणी घातला, हे मिठागरावर काम केलेल्या माणसांना पाठ आहे. मिठागरं बंद पडत चालली तशी ही जाण चाललीय, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मुलांनी चिखलाचा नमुना काढायला जाताना सोबत वही न्यावी, पापडी-नायगावकडच्या जुन्या आगरवाल्यांजवळ बसावं आणि बांध-उघाड्यांचा नकाशा काढून घ्यावा. हे काम यंदाच व्हायला हवं. ही माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.