निकालाच्या दिवशी आईचं नाव

आत्ता कुणी रानातून येऊन टेकली असेल, कुणी चुलीपुढं असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडं द्या. आम्ही एका बचत गटातल्या अकराजणी आहोत. गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, व्याज हेच बोलणं जास्त. पण दहावीच्या निकालानं आम्हाला दुसराच हिशेब करायला लावला. तो तुम्हाला सांगायचा आहे.

२०२५ चा दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. दुपारी एक वाजता. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. म्हणजे शंभरातली सहा-एक पोरं मागं राहिली. पेपरात ती सहा म्हणजे नुसता आकडा असतो, पण त्यातली एक आमच्या गटातल्या ताईच्या घरात होती.

ताईची ती भाची, भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा पोर सात वर्षांची होती. दोन वर्षांनी भावजयीचं दुसरं लग्न झालं. त्यात तिला आम्ही नावं ठेवत नाही, तिचंही वय ते काय होतं. पण पोर आत्याकडं आली ती आत्याचीच झाली. ताईला स्वतःची दोन, त्यात हे तिसरं ताट.

निकाल बघायला आम्ही चौघी दुकानात गेलो होतो. मोबाईलवर आसन क्रमांक टाकायचा आणि खाली आईचं नाव टाकायचं, मग निकाल दिसतो. दुकानातल्या पोरानं सहज विचारलं, "आईचं नाव सांग." पोर गप्प. आत्याकडं बघायला लागली. शेवटी ताईनंच भावजयीचं नाव सांगितलं, एकेक अक्षर. आणि निकाल आला. गणित आणि इंग्रजी, दोन विषय राहिले होते.

घरी जाईपर्यंत पोर बोलली नाही. संध्याकाळी घरात बैठकच बसली. दीर म्हणाले, "आता शिकवून काय करणार? पाहुण्यांकडचं एक स्थळ आहे, देऊन टाकू. दुसऱ्याच्या पोरीची जोखीम किती दिवस सांभाळायची?" सासूबाई म्हणाल्या, "नापास झाली म्हणजे ते सरकारचे पैसेही बंद होणार." आणि ताई खरंच घाबरली. लग्नाला ती तयार नव्हती, पण पैसे बंद होतील ही भीती तिलाही होती. रात्री नऊ वाजता तिनं आमचं दार वाजवलं.

आता हे पैसे कसले, ते सांगतो. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आईवडील नसलेलं, किंवा दोघांतलं एकच असलेलं, टाकलेलं, आईबाप दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेलं मूल संस्थेत न जाता कुटुंबात वाढावं म्हणून ही मदत आहे. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत. मग १,१०० झाले. २०२३ पासून २,२५० रुपये झाले. वर्षाचे २७,००० होतात. मोठी रक्कम नाही, पण वह्या, एसटीचा पास, डोळ्यांचा चष्मा यातून निघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं बायांनो, ही योजना गुणांवर चालत नाही. ती मुलाच्या परिस्थितीवर आणि वयावर चालते. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत आहे. पोर दहावीत दोन विषयांत राहिली म्हणून तिचा बाप परत आला का? नाही ना? मग मदत कशी बंद होईल? मात्र शिक्षण चालू ठेवायला हवं, आणि शाळेचा किंवा कॉलेजचा बोनाफाईड दाखला वेळेवर द्यायला हवा. म्हणजे शाळा सोडवून लग्न लावणं हाच पैसे घालवायचा रस्ता होता, शिकवणं नव्हे. हे आम्ही सासूबाईंना बसून समजावलं. त्या शहाण्या आहेत, त्यांना पटलं.

दिरांना दुसरी गोष्ट सांगावी लागली. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि गावात तो थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकांवर आहे. आम्ही भांडायला गेलो नाही. नुसतं म्हणालो, "भाऊजी, उद्या कुणी १०९८ ला फोन केला तर तुमचंच नाव पुढं येईल." तो नंबर मुलांसाठीचा आहे, फुकट लागतो, रात्रंदिवस चालू असतो. स्थळाचा विषय तिथंच थांबला.

आता निकालाचं बोलू. दोन विषयांपर्यंत राहिलेल्या मुलाला एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत काढायचे. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, तिचा फॉर्म शाळेतूनच भरतात. गुण कमी पडले असं वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागायची, ती बघून मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. या सगळ्याला मुदत थोडी असते. म्हणून निकालानंतर आठवडाभर रडत बसू नका, दुसऱ्या दिवशी शाळेत जा. ज्यांची शाळा मागंच सुटली, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं.

आमच्या गटातल्या एकीची सून बीएस्सी झालेली आहे. तिनं महिनाभर रोज संध्याकाळी पोरीला शिकवलं, ताईनं तिच्या घरची दोन वेळची धार काढून दिली. असा सौदा झाला. जुलैच्या परीक्षेत पोर इंग्रजीत पास झाली. गणित अजून राहिलंय. खोटं कशाला सांगू? पण ती आज अकरावीच्या वर्गात बसते, आणि गणिताचं पुस्तक तिच्या उशाशी असतं.

यातून आमचे डोळे उघडले. आम्ही म्हटलं, आपल्या गावात अशी किती पोरं आहेत, जी आत्याकडं, मामाकडं, आजीकडं वाढतायत? वही घेतली, वाडीवस्तीवर फिरलो. नऊ निघाली. त्यातल्या फक्त दोघांना मदत चालू होती. बाकी घरांना ठाऊकच नव्हतं, किंवा वाटत होतं की ज्याचे आई आणि बाप दोन्ही गेले त्यालाच मिळतं. एका आजीनं तर फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला हजार रुपये दिले होते. तो परत फिरकला नाही. बायांनो, या अर्जाला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.

अर्ज कुठं करायचा? जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, तिथंच जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. सुरुवातीला अंगणवाडी ताईंना विचारा, त्या वाट दाखवतात. कागद असे लागतात: मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, जन्माचा दाखला, आईचा किंवा वडिलांचा मृत्यू दाखला, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, फोटो. मग घरी चौकशीला माणूस येतो. शेवटी बाल कल्याण समिती मुलाला बघते, बोलते आणि आदेश देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही महिन्याला ४,००० रुपयांची मदत आहे. तिथं प्रायोजकत्वासाठी ग्रामीण भागात वर्षाचं उत्पन्न ७२,००० च्या आत लागतं. आपलं मूल कशात बसतं, ते कक्षात विचारून घ्या.

अडचणी नाहीत असं नाही. ताईचे पैसे एकदा पाच महिने आलेच नाहीत. विचारायला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. म्हणून आम्ही आता एकटीला पाठवत नाही. दर तीन महिन्यांनी दोघी जातात, सगळ्यांची पासबुकं घेऊन जातात, आणि भाडं गटातून देतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही, हा नियम केलाय. राहिलेल्या सातांपैकी चौघांचे आदेश झाले. तिघांचे कागद अजून फिरतायत. एकाच्या वडिलांचा मृत्यू दाखलाच काढलेला नव्हता, तिथं अडलंय.

तुम्हाला एकच काम सांगतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीचं एक कोरं पान काढा. गावातलं कोणतं लेकरू कुणाच्या ताटात जेवतंय, ते लिहा. नाव, वय, इयत्ता, मदत चालू की नाही. आणि दहावीला कोण आहे त्यावर खूण करा. पुढच्या निकालाच्या दिवशी त्या पोरासोबत आपल्यातली एक तरी बाई उभी असू द्या.

त्या दिवसानंतर आम्ही भाचीला विचारलं होतं, "तेव्हा गप्प का झालीस गं?" ती म्हणाली, "आईचं नाव विचारलं, तर तोंडात आत्याचंच आलं होतं."