शिलाई मशीन झाली, आता लिहिण्याचे यंत्र

(अंबड येथे बारावी झालेल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला एका प्रश्नावर बोलायला सांगितले आहे. मुलगी यंदा कॉलेजला जाणार, घरात पैसा जेमतेम, तर तिला लिहायला कोणते यंत्र घेऊन द्यावे? मोठा मोबाइल, टॅब की लॅपटॉप? विचारणारी बाई ऊसतोडीहून आलेली आहे. उचल फिटून जे हातात उरले त्यातून ती घेणार आहे. म्हणून उत्तर जपून द्यायला हवे.

आधी थोडे मागचे सांगते. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली टाइपरायटर विकायला काढला, तो तयार झाला कंपनीच्या शिलाई मशीनच्या विभागात. त्यावर फुलांची नक्षी होती आणि ओळ बदलायला चक्क पायडल होते! म्हणजे ही दोन यंत्रे सख्ख्या बहिणीच. आपल्याकडे बायकांच्या वाट्याला मात्र एकच बहीण आली. महिला-बालकल्याणचा निधी आला की शिलाई मशीनचे वाटप, पुढाऱ्याचा वाढदिवस आला की शिलाई मशीनचे वाटप. मी मशीनला नावे ठेवत नाही, तिच्यावर कितीतरी एकट्या बायकांनी लेकरे वाढवली आहेत. पण बाईला काही द्यायचे म्हटले की सरकारला सुई-दोराच का आठवतो, हे आपण विचारले पाहिजे.

तालुक्याच्या गावातल्या मुलींना टाइपिंगचा क्लास हा एक रस्ता होता. गोदरेजने १९५५ साली आपल्या देशातला टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ पर्यंत तो बनवला. तो कुणी घरी घेत नसे. फी भरायची, तासभर क्लासमध्ये बसायचे, यंत्र तिथेच सोडून घरी यायचे. आता ती परीक्षाही संगणकावर होते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागतात. आठवड्यातून दोन तास दुसऱ्याच्या यंत्रावर बसून तो येणार नाही. बोटांना रोजचा सराव लागतो, म्हणजे यंत्र घरात लागते.

"मोबाइल आहे की!" असे लगेच कुणीतरी म्हणते. मोबाइलवर वाचता येते, फॉर्म भरता येतो, तास ऐकता येतो. पण प्रकल्पाची वीस पाने अंगठ्याने लिहून बघा. आणि घरातला मोबाइल कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. बाप शेतात निघाला की मोबाइल निघाला, मग मुलीचा अभ्यास रात्री दहानंतर.

तरीही ज्यांच्याजवळ आज काहीच नाही त्यांनी मोबाइललाच कीबोर्ड जोडावा. चार-पाचशे रुपयांत साधा कीबोर्ड येतो, वर एक छोटा ओटीजी जोड लागतो. बोटे बसवायला, निबंध लिहायला हे पुरते. पुढे लॅपटॉप आला की हाताचा वेग तयारच असतो. नुसता टॅब घेऊ नका असे माझे स्पष्ट मत आहे. तो पाहण्याचे यंत्र आहे, वर कीबोर्ड निराळा घ्यावाच लागतो.

वीस हजारांच्या आतबाहेर जमत असेल तर दुरुस्त करून विकतात तो जुना लॅपटॉप बघा. ऑफिसांतून निघालेली ही यंत्रे नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा दणकट असतात. आठ जीबी रॅम आणि एसएसडी हे दोन शब्द हातावर लिहून न्या. चार्जरची वायर काढून दुकानातच अर्धा तास चालवा, कारण आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. प्रत्येक बटण दाबून बघा. विंडोज १० ला कंपनीने ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद केली आहे आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांवर कंपनीच्या नियमाने बसत नाही. म्हणून पिढी कोणती ते विचारा. जुनेच पदरात पडले तर त्यावर लिनक्स आणि लिब्रेऑफिस बसवा, दोन्ही फुकट आणि चोख.

मराठीचे काय? दुकानदार "मराठी फॉन्ट टाकून देतो" म्हणतो. नको म्हणा. तसल्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर उघडले की नुसती कावळ्याची पिल्ले दिसतात. युनिकोड हवे, त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असतो, फक्त चालू करायचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. पंधरा दिवस चिडचिड होते, मग हात धावतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय सोपी वाटते, पण मराठीत विचार करणाऱ्या पोरीने रोमन अक्षरांचा वळसा का घालावा?

आता खरा मुद्दा. यंत्र घरात आले की काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मुलाला घेतला तर तो "त्याचा लॅपटॉप", मुलीला घेतला तर "घरातला". भाऊ सिनेमे बघतो, काका फॉर्म भरायला नेतो, ही पाळी येण्याची वाट बघते. म्हणून बिल मुलीच्या नावाने करा. पासवर्ड तिचाच राहू द्या. "पोरगी बिघडेल" ही भीती मला कळते, पण तिच्यावर उपाय मुलीशी बोलणे हा आहे, यंत्र कपाटात ठेवणे नव्हे. लग्न झाले तर ते यंत्र तिच्याबरोबर जाईल. उद्या सासरच्यांनी अडवून ठेवलेच, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. तिथे सोन्याच्या पावतीइतकाच लॅपटॉपच्या बिलाचा कागद कामी येतो.

आणि ज्या घरांना वीस हजार काय, दोन हजारही जमणार नाहीत? ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा लागतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभ्या राहा आणि विचारा, मागच्या वर्षी त्यातून काय घेतले? शिलाई मशीन घेतली असेल तर यंदा दोन लॅपटॉप मागा. ते सरपंचाच्या घरी नव्हे, शाळेत किंवा वाचनालयात ठेवायचे, आणि किल्ली बचत गटाकडे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

येत्या मंगळवारी सकाळच्या एसटीने मी जालन्याला दुकाने बघायला जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी बरोबर चला, बायकांना तिकीट मार्च २०२३ पासून अर्धेच आहे. मुलींना मात्र घेऊनच या. बटणे त्यांच्याच बोटांनी दाबून बघायची आहेत. आणि त्यांचे आधार कार्ड आणा, बिलावर नाव बिनचूक पडले पाहिजे.