मनगटावरचा वारसा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी विषय आम्हीच सुचवावा असे कार्यवाहांनी कळविले, तेव्हा आम्ही ‘जुने मनगटी घड्याळ’ असे लिहून धाडले. उलट टपाली उत्तर आले की, वक्त्यास चाळीस मिनिटे देण्यात येतील. ही केवळ माहिती होती की आमच्या विषयावरचा अभिप्राय होता, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. असो.

आम्ही घड्याळांचे जाणकार नव्हे, संग्राहक तर मुळीच नव्हे. चार वर्षांपूर्वी नातवंडांसाठी मागे ठेवावी अशी एखादी वस्तू असावी, या विचाराने आम्ही एक जुने घड्याळ विकत घेतले. त्या खरेदीत एकदा फसलो, एकदा निभावलो, आणि जे काही घडले ते आपणांपुढे ठेवावे असे वाटले, एवढाच आमचा अधिकार.

आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या वस्तू पाहिल्या तर त्या बहुतेक स्त्रियांच्या अंगावरच्या किंवा देवघरातल्या. पाटल्या, गोठ, मोहनमाळ सुनेकडे वा लेकीकडे जातात. टाक आणि समया भावाभावांत वाटल्या जातात. भिकबाळी गेल्यापासून पुरुषाच्या अंगावरचे म्हणून पुढच्या पिढीला द्यावे असे काही उरलेच नाही. त्यातून आम्ही जबलपूरचे मराठी लोक. भोसल्यांचा अंमल या भागावर १८१७ पर्यंत होता खरा, पण आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे इकडे आले ते रेल्वेत, कचेरीत, शाळेत नाही तर तोफगाडीच्या कारखान्यात नोकरीला. वाडे आणि शेते कोकणात, वऱ्हाडात किंवा नागपुराकडे राहिली. इथे आले ते एका लोखंडी पेटीत मावेल एवढेच. अशा माणसांच्या वारशात घड्याळ फार मोठी जागा घेते, कारण ते पेटीतही मावते आणि मनगटावरही.

आणि घड्याळाशी या गावाचे नाते तसे जुने आहे. मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादेहून आलेला लोहमार्ग इथे १८७० च्या मार्चमध्ये जोडले गेले, आणि मुंबई-कलकत्ता प्रवास सलग आगगाडीने होऊ लागला. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा आपला नायक याच मार्गाने पाठविला, फक्त कथेच्या सोयीसाठी वाटेत पन्नास मैल रूळ नाहीत असे दाखविले. वस्तुतः तोवर रूळ पडलेले होते. त्या नायकाच्या नोकराजवळ पणजोबांपासून चालत आलेले एक घड्याळ असते. गाव बदलले, सूर्य बदलला, तरी तो त्याचे काटे हलवू देत नाही. लंडनची वेळ दाखवीत ते घड्याळ हिंदुस्थानातून जाते. वारशाचे घड्याळ आणि आपली लाइन यांची गाठ अशी वाङ्मयातही पडलेली आहे, हे आपल्या मंडळाच्या अभिमानात भर घालण्याजोगे आहे.

आगगाडी आली आणि वेळेचा घोळही आला. त्या काळी रेल्वे मद्रासची वेळ पाळीत असे. मद्रास आणि जबलपूर जवळजवळ एकाच रेखांशावर असल्याने येथील सूर्याची वेळ आणि स्टेशनाची वेळ यांत सुमारे एका मिनिटाचाच फरक पडे. हे भाग्य मुंबईकरांच्या वाट्याला नव्हते. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची प्रमाणवेळ आली. मुंबई शहराने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आपण मात्र निमूटपणे दहा मिनिटे पुढे गेलो. म्हणजे आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा नर्मदेवर खऱ्या मध्यान्हाला सरासरीने दहा मिनिटे अवकाश असतो. आमचे वडील संध्येला बसताना हा हिशेब करीत. कारखान्याच्या भोंग्याचा हिशेब मात्र ते कधीच करीत नसत. तिथे भोंगा वाजला की वाजला.

वडिलांचे घड्याळ एच. एम. टी.चे होते. बंगळूरच्या या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली मनगटी घड्याळे काढण्यास प्रारंभ केला. तत्पूर्वी आपल्याकडची घड्याळे स्विस असत. १८८६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘वेस्ट एंड’ची घड्याळे पलटणीतल्या लोकांत फार, फाव्र-ल्यूबाचे नाव तर आपल्या घरांतून इतक्या प्रकारांनी उच्चारले जाई की स्वित्झर्लंडच्या माणसाला ते ओळखू येऊ नये. एच. एम. टी.ने जनता, पायलट, सोना, कांचन अशी नावे दिली आणि प्रथमच चाकरमान्याला घड्याळाचे नाव नीट उच्चारता आले. वडिलांजवळ ‘जनता’ होते. पांढरी तबकडी, तीवर देवनागरी अक्षरे, आत सतरा माणके. रोज सकाळी दाढी झाल्यावर ते चावी देत. चावी देताना बोलत नसत, आणि त्या वेळी आम्हीही काही मागत नसू.

ते घड्याळ आज आमच्याजवळ नाही. वडील गेल्यावर काही वर्षे ते कपाटात होते. सेलवर चालणाऱ्या घड्याळांचा जमाना आला. टोकियोत १९६९ च्या नाताळात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आले होते, आणि १९८७ पासून टायटनने ती हवा आपल्या गल्लीपर्यंत आणली. एका दुकानात जुने घड्याळ द्या, नव्यावर सूट घ्या, अशी योजना होती. आम्ही वडिलांचे ‘जनता’ देऊन सूट घेतली. सूट किती होती तेही आता आठवत नाही. घरी आल्यावर आईने नवे घड्याळ पाहिले, छान आहे म्हणाली, आणि पट्टा तरी काढून घ्यायचा होतास, एवढेच बोलली. त्या पट्ट्याला वडिलांच्या घामाचा वास होता, हे आमच्या लक्षात पुष्कळ उशिरा आले.

तेव्हा नातवंडांसाठी घड्याळ घ्यायचे, आणि तेही ‘जनता’च घ्यायचे, या हट्टाचे मूळ इथे आहे. सूट घेतलेली रक्कम फेडावी, असा काहीसा तो प्रकार होता.

पहिल्या खेपेस आम्ही एका मोठ्या शहरातून, फारशी चौकशी न करता, एक झकपक ‘जनता’ मागविले. निळीशार तबकडी, जणू काल कारखान्यातून निघालेली. आमच्या ओळखीच्या घडीसाजाने – घड्याळजी म्हटले तर इथे कोणी वळून पाहत नाही, म्हणून घडीसाज – डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले आणि न बोलता मिटले. तबकडी नव्याने रंगविलेली, काटे दुसऱ्याचे, यंत्र तिसऱ्याचे. कारखान्याने कधी काढल्याच नाहीत अशा रंगांच्या तबकड्या हल्ली सर्रास रंगवितात, आणि हौशी माणूस तिलाच भुलतो. जुन्या घड्याळाची तबकडी थोडी पिवळट पडलेली, कडेला डाग असलेली असेल तर ते शुभलक्षण समजावे, हे त्याने आम्हांस शिकविले. अक्षरांची रेघ भिंगाखाली फुटकी दिसली तर हात आखडावा. चावी फिरविताना एकसारखा दाब लागला पाहिजे. घड्याळ पालथे, उताणे, उभे धरले तरी चालले पाहिजे. आणि अंधारात चमकणारे आकडे असलेले फार जुने विलायती घड्याळ असेल तर ते उघडण्याच्या भानगडीत आपण पडू नये. त्या आकड्यांत रेडियम असू शकते. चमक केव्हाच विझलेली असते, पण रेडियम अर्धे व्हायलाच सुमारे सोळाशे वर्षे लागतात. नातवाला देण्याच्या वस्तूत हे पाहून घेतलेले बरे.

या घडीसाजाकडे आमचे जाणे-येणे वाढले. बड्या फुहाऱ्याजवळ दोन हात रुंदीची त्याची जागा. एकदा त्याने आम्हांस भिंगातून चालते यंत्र दाखविले. त्यातले चक्र तासाला १८,००० वेळा झुलते, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. आम्ही घरी येऊन गुणाकार केला तेव्हा दिवसाला ४,३२,००० आले. पुराणांत कलियुगाची वर्षेही तेवढीच सांगितली आहेत. यातून काही निष्पन्न होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या दिवसापासून घड्याळाला चावी देताना आम्ही थोडे सांभाळून देतो.

एच. एम. टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत घेतला. त्यामुळे आता सुटे भाग मिळतात ते मोडलेल्या घड्याळांतूनच. घडीसाजाजवळ अशा घड्याळांचा एक डबा होता. भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेला. त्या डब्यात आमचे घड्याळ सापडले. पांढरी तबकडी, अस्सल काटे, आतले यंत्र त्याच घड्याळाचे. किंमत ठरली. साफसफाई करून आठ दिवसांनी न्यायला गेलो तेव्हा त्याने ते पालथे करून आमच्यापुढे धरले. पाठीवर कोरलेली अक्षरे होती. एक मराठी नाव, त्याखाली ‘सेवानिवृत्तीनिमित्त सहकाऱ्यांकडून’, आणि साल १९७१. घडीसाज म्हणाला, “बाबूजी, नाम मिटा दूँ? पॉलिश में निकल जाएगा.”

आम्ही हो म्हणणार होतो. खोटे कशाला सांगा. आपल्या नातवंडांना परक्याचे नाव कोरलेले घड्याळ कसे द्यावे? जीभ अडली ती एवढ्यासाठी की, आमच्या वडिलांचे घड्याळही असेच कोणाच्या तरी डब्यात गेले असेल, आणि त्याच्या पाठीवर तर काहीच कोरलेले नव्हते. आम्ही म्हणालो, राहू द्या.

पुढचे तीन महिने आम्ही त्या नावाचा माग काढला. आडनाव फारसे आढळणारे नव्हते. कारखान्यातून निवृत्त झालेली जुनी मंडळी, दत्तजयंतीच्या पंगतीतली ओळख, असे करीत करीत कळले की हे गृहस्थ कधीच निवर्तले आणि मुलगा पुण्यास असतो. मुलगा म्हणजे आमच्याच वयाचा. दूरध्वनीवर आम्ही सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, घड्याळ आपले आहे, आपणांस हवे असेल तर पाठवितो. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग ते म्हणाले, “अहो, ते हरवलं नव्हतं. अण्णांनी विकलं होतं. माझी इंजिनिअरिंगची फी भरायची होती. आईला सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. ती जाईपर्यंत विचारायची, आलं का दुरुस्त होऊन.”

आम्ही पुन्हा विचारले, पाठवू का? ते म्हणाले, “नको. माझा वाटा मला तेव्हाच मिळाला. तुमच्याकडे चालतंय ना? मग झालं. फक्त मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा.” आम्ही फोटो पाठविला. त्यांचे पत्र आले नाही, दूरध्वनीही आला नाही.

वारसा विकत घेता येतो काय, असे आमच्या सौभाग्यवतीने या खरेदीच्या पहिल्याच दिवशी विचारले होते. तेव्हा आम्ही रागावलो होतो. आता आमचे उत्तर असे की, घड्याळ विकत मिळते. पण पाठीवरचे नाव विकत मिळत नाही, ते सांभाळायला घ्यावे लागते. आम्ही त्या अण्णांची हकीकत एका कागदावर लिहून घड्याळाच्या डबीत ठेवली आहे. खाली आमच्या वडिलांच्या घड्याळाचीही लिहिली आहे, सूट घेतल्यासकट.

राहता राहिला प्रश्न कोणाला द्यायचे याचा. घेताना मनात नातू होता, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. त्याला घड्याळ दाखविले तेव्हा त्याने ते कानाला लावले, चार्ज कुठून करायचे विचारले, आणि खेळायला गेला. धाकटी नात नऊ वर्षांची आहे. ती गेल्या दिवाळीपासून रोज सकाळी शाळेचा गणवेश चढविला की आमच्या खोलीत येते, डबी उघडते, चावी देते. किती वेळा फिरवायची ते आम्ही एकदाच सांगितले. देताना ती मोजते आणि मधे बोलत नाही. हे तिला कोणी शिकविले नाही. मनगट एवढेसे असल्याने पट्ट्याला अजून चार भोके पाडावी लागतील, असे घडीसाज म्हणतो. आम्ही म्हटले, मनगटच वाढू दे.

घड्याळ दिवसाकाठी दीड मिनिट मागे पडते. घडीसाज म्हणाला, नीट करून देतो. नात नको म्हणाली, कारण मग मिळवायला काही उरणार नाही. म्हणून रोज चावी दिली की ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून दीड मिनिट पुढे करते आणि शाळेला पळते. आज सकाळी आम्ही ते मनगटावर बांधून निघालो तेव्हा तिने बजावले की, भाषण लांबले तरी संध्याकाळी परत आणायचे, उद्याची चावी तिची आहे. चाळीस मिनिटे झाली असे अध्यक्षांच्या घड्याळात दिसत असावे. आमच्यात अद्याप थोडी बाकी आहेत.