शांत वस्तीतले बिऱ्हाड



वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींच्या रकान्यात पुढील धर्तीचा मजकूर आपण कधी ना कधी वाचलाच असेल : "शांत वस्तीत, स्वतंत्र प्रवेश व मुबलक पाणी असलेल्या दोन खोल्या लहान, सुशिक्षित कुटुंबास भाड्याने देणे आहेत." या मजकुरातला प्रत्येक शब्द मोठा विचारपूर्वक घातलेला असतो. 'स्वतंत्र प्रवेश' म्हणजे मालकांच्या दिवाणखान्यातून चपला वाजवीत जाण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही. 'मुबलक पाणी' म्हणजे परसात विहीर आहे, आणि एप्रिल अखेरपर्यंत तरी तिचा तळ दिसत नाही. 'लहान कुटुंब' म्हणजे गावाकडचे पाहुणे येऊन महिना महिना राहणार नाहीत, अशी मालकांना वाटणारी आशा. हे सारे समजण्यासारखे आहे. परंतु 'शांत वस्ती' म्हणजे नेमके काय, आणि त्या शांततेत भाड्याने राहणाऱ्या माणसाचा वाटा किती, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत आला आहे.

बेळगावची टिळकवाडी ही मला चांगली माहीत असलेली अशी एक वस्ती. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर; हवा थंड, पाऊस भरपूर. गावाच्या दक्षिण अंगाला रेल्वेमार्गाच्या आधाराने ही वस्ती पसरली आहे. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार अशा वारांच्या नावांच्या पेठा, पहिले, दुसरे आणि तिसरे अशी रेल्वेची तीन गेटे, आणि व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली जुनी झाडी, एवढ्या खुणा सांगितल्या की टिळकवाडीकराला पत्ता कळतो. घराचा क्रमांक कोणी विचारीत नाही. "दुसऱ्या गेटाजवळ, चाफ्याचे झाड असलेले घर," एवढे सांगितले की पोस्टमनचेही काम भागते.

महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे जे एकमेव अधिवेशन झाले, ते १९२४ च्या डिसेंबरात याच भागात भरले होते. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. त्या तात्पुरत्या नगराला विजयनगर असे नाव दिले होते. अधिवेशन आटोपले, माणसे गेली, झोपड्या व मांडव उतरले; पाण्यासाठी खोदलेली विहीर तेवढी राहिली आणि रस्त्याला 'काँग्रेस रोड' हे नाव राहिले. मला नेहमी वाटते की, त्या जागी झालेले ते सर्वांत मोठे बिऱ्हाडच होते. 'बिऱ्हाड' हा आपला शब्द आणि कानडीतला 'बिडार' हा शब्द कानाला तर सख्खे भाऊच वाटतात. सरहद्दीवरच्या गावाला ते शोभूनही दिसते.

आता शांततेकडे वळू. ज्याला आपण शांत वस्ती म्हणतो तिथे आवाज नसतात असे मुळीच नाही. गेट पडण्याची घंटा आहे, गाडीची लांबलचक शिटी आहे, पहाटेची भूपाळी आहे, चर्चची घंटा आहे, अजान आहे, भाजीवाल्या मावशींची मराठी-कानडी मिश्रित आरोळी आहे. या आवाजांची कोणी तक्रार करीत नाही, कारण ते सर्वांच्या ओळखीचे झालेले असतात. तक्रार होते ती अनोळखी आवाजाची. नव्या बिऱ्हाडातले मूल रात्री रडले, तर "काय हो, बाळ फार रडते तुमचे," असे सकाळी ऐकू येते. मालकांचे नातू दिवाळीच्या सुटीत येऊन जिन्यावर धुडगूस घालतात, तेव्हा मात्र घर भरल्यासारखे वाटते!

आमच्या शेजारच्या आवारात रुग्णालयात काम करणाऱ्या दोन परिचारिका राहत असत. त्यांना आठवडा आठवडा रात्रपाळी असे. रात्री दहानंतर सारी आळी चिडीचूप. परंतु या दोघी तेव्हा कामावर. त्या सकाळी परत येऊन अंथरुणाला पाठ टेकीत, आणि त्याच वेळी आळीतली धुणी, मिक्सर, गवंड्याची थापी सुरू होई. त्यांच्यापैकी एकीने, दुपारी एक ते चार या वेळात तरी फरशी कापण्याचे यंत्र चालवू नये, अशी समोरच्या घरी विनंती केली. "अहो सिस्टर, दिवसाढवळ्या काम करायचे नाही तर कधी करायचे?" असे उत्तर आले. उत्तर खोटे नव्हते. परंतु शांततेची वेळ कोणी ठरवायची, हे त्या उत्तरातून कळून आले. ज्याचे नाव घराच्या पाटीवर, त्याच्या झोपेची वेळ ती वस्तीच्या शांततेची वेळ!

घर शोधावयास निघालेल्या माणसाला हे पाटीचे माहात्म्य पहिल्याच दिवशी कळते. "घर पाहावे बांधून" असे आपल्याकडे म्हणतात. मी म्हणेन, बिऱ्हाड पाहावे शोधून. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. आधी नोकरी, मग माणसे किती, मग मूळ गाव, आणि मग अगदी सहज म्हणून आडनाव. शिक्षक म्हटल्यावर मालकांचा चेहरा फुलतो. शिक्षक भाडे वेळेवर देतो आणि मोठ्याने बोलत नाही, असा लोकांचा समज आहे. आडनाव सांगितल्यावर मात्र क्षणभर स्तब्धता पसरते. मग आतून चहा येतो, आणि चहाबरोबर प्रश्न येतो, "मासळी वगैरे घरात करता का हो सर?" मी हो म्हणतो. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची चाल आमच्याकडे आहे, पण ती सांगून मी घर मिळवू पाहत नाही. काही मालक स्पष्टपणे सांगतात, "आमच्या घरात चालायचे नाही, राग मानू नका." त्यांचा मला खरोखरच राग येत नाही. राग येतो तो दोन दिवसांनी फोनवर, "घर कालच गेले हो," असे सांगून पुढे महिनाभर तीच पाटी फाटकावर लटकत ठेवणाऱ्यांचा. माझ्या एका मुसलमान सहशिक्षकाने एका उन्हाळ्यात अशा किती पाट्या वाचल्या हे तो हसत हसत सांगे. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नसे.

आणि हा दोष केवळ इतरांच्या माथी मारणेही योग्य होणार नाही. आमच्या कॅथलिक मंडळींपैकी ज्यांची घरे आहेत, त्यांच्याकडेही "कोणत्या चर्चचे?" आणि "फादरांची चिठ्ठी मिळेल का?" हे प्रश्न असतातच. चाळणी प्रत्येकाकडे आहे. भोके तेवढी निरनिराळ्या आकाराची.

घर मिळाले की अकरा महिन्यांचा करारनामा पुढे येतो. अकराच का, असे पुष्कळजण विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे आवश्यक असते. नोंदणीचा खर्च व खटाटोप नको, म्हणून वर्षाला एक महिना कमी. युक्ती जुनी आहे आणि कायद्यात बसणारी आहे. पण तिच्यामागे खर्चाइतकीच भीतीही आहे. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, नंतर म्हैसूर राज्यात आले. मुंबई राज्याचा भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ चा, म्हैसूरचा १९६१ चा आणि कर्नाटकाचा नवा कायदा १९९९ चा. घरांची टंचाई असताना भाडेकरूला रस्त्यावर काढू नये, हा जुन्या कायद्यांचा हेतू. आणि तो न्याय्य होता. परंतु त्या छत्राखाली काही बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्यात राहिली, मालकांना कौले बदलण्याइतकेही पैसे सुटेनात, आणि "भाडेकरू शिरला की निघत नाही" ही म्हण होऊन बसली. एखाद्या निवृत्त विधवा बाईंचे घर हेच निवृत्तिवेतन असते. त्यांनी अकरा महिन्यांपुढचा शब्द देण्यास कचरावे, याला मी स्वार्थ म्हणणार नाही.

तरीही त्या एका महिन्याच्या कमतरतेची किंमत कोणीतरी मोजतोच. शाळेच्या पटावर पत्त्याचा एक रकाना असतो. वर्षारंभी वर्गशिक्षक म्हणून तो मी ताडून पाहतो. एका मुलाच्या नावापुढे पाचवी ते दहावी या सहा वर्षांत चार पत्ते लिहिले गेले. प्रत्येक वेळी आधीच्या पत्त्यावर एक सरळ रेघ. वडिलांची नोकरी तीच, शाळा तीच, मुलगाही हुशार. घर तेवढे बदलत गेले. एकदा भाडे वाढले, एकदा मालकांचा मुलगा परगावाहून परत आला, एकदा बंगला पाडून तेथे सदनिका उभारावयाच्या ठरल्या. यांपैकी कोणतेही कारण खोटे नव्हते, आणि कोणी दुष्टही नव्हते. पण दर वेळी त्या मुलाचे खेळगडी बदलले, सायकलची वाट बदलली, आणि आजारी पडल्यास शेजारी कोणाचे दार वाजवावे हे पुन्हा नव्याने शिकावे लागले. आठवीत त्याने 'माझे घर' या विषयावर निबंध लिहिला, तो आजोळच्या घरावर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते खरे, परंतु विंचवाला शाळेत जावे लागत नाही.

अनामत रकमेचेही असेच आहे. कर्नाटकात ती कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी मागण्याची चाल आहे. काही ठिकाणी तर मोठी रक्कम एकदम ठेवून घेऊन भाडे घेतच नाहीत, त्यास लोक 'लीज' म्हणतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घराच्या अनामतीची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचविली आहे. सूचना चांगली आहे. ती पाळणारे मालक मला अद्याप भेटावयाचे आहेत. नवे घर घेताना अनामत आधी भरावी लागते आणि जुनी हातात नंतर पडते. या मधल्या दोन-तीन आठवड्यांत मध्यमवर्गीय माणसाच्या अंगठ्या सराफाच्या पेढीवर जाऊन येतात.

आणि मग पाऊस. बेळगावच्या पावसाला भाडेकरार कळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मंगलोरी कौलांतून पहिला थेंब पातेल्यात पडला की, दुरुस्ती कोणाची हा वाद सुरू होतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात याचे उत्तर आहे. जी दुरुस्ती मालकांवर बंधनकारक आहे, ती सूचना देऊनही त्यांनी वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा. उलट, नेहमीच्या वापराची झीज सोडून घर जसे मिळाले तसे परत करणे, हे भाडेकरूचे कर्तव्य. म्हणून माझा सल्ला असा की, घरात पाय ठेवण्यापूर्वी मालकांसमवेत सर्व खोल्या फिराव्यात, ओल आलेल्या भिंती, फुटक्या काचा, गळके नळ, मोजून खिळेसुद्धा, एका कागदावर लिहावेत आणि दोघांनी खाली सही करावी. यात अविश्वास नाही. उलट, हा कागद असला की दोन्ही घरांत चहाची देवघेव अधिक मोकळेपणाने होते, असे मी पाहिले आहे. विजेच्या मीटरचेही तसेच. कर्नाटक शासनाने २०२३ मध्ये घरगुती वापराच्या २०० युनिटांपर्यंत सवलत दिली, ती भाडेकरूंनाही लागू केली. तेव्हा वर्षानुवर्षे तोंडी चाललेले आमच्या आळीतले कितीतरी व्यवहार प्रथमच कागदावर उतरले!

टिळकवाडीतले जुने बंगले आता एकेक करून जात आहेत. मुले पुण्याला, बेंगळुरूला, परदेशी; वृद्ध आईवडील मागे. पुष्कळ घरांत रात्री-अपरात्री मदतीला धावणारे माणूस म्हणजे मागच्या दोन खोल्यांतला भाडेकरूच असतो. आजोबांना घाम फुटला, तर रिक्षा तोच आणतो, परदेशातल्या मुलाला फोनही तोच करतो. करारनाम्यात या कामाचा उल्लेख नसतो, आणि अकरावा महिना आला की या कामाचा हिशेबही कोणी करीत नाही.

जाता जाता त्याच १०८ व्या कलमातली आणखी एक तरतूद सांगतो. भाडेकरूने जमिनीला जोडून जे काही लावले असेल, ते जागा ताब्यात असेपर्यंत त्याला काढून नेता येते. मात्र जागा होती तशी करून द्यावी लागते. परसात लावलेले झाडही यात येते. हा हक्क बजावलेला भाडेकरू मला अजून दिसलेला नाही. दुसऱ्या गेटाच्या अलीकडे एका घरामागे कढीलिंब आहे, तो चार बिऱ्हाडांपूर्वीच्या एका बाईंनी लावला. त्या आता कोठे असतात हे त्या घरात कोणालाच ठाऊक नाही. कढीलिंब मात्र कौलांच्या वर गेला आहे, आणि सकाळी फोडणीच्या वेळी शेजारच्या तीन घरांतली मुले वाटी घेऊन तेथे येतात.