कोणतं मॉडेल घ्यावं, मामू?

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. आयुष्यभर कविता लिहिल्या आणि हिशेब दुसऱ्यांनी केले. तरी गेल्या वर्षी पावसाळ्यात सोलापूरहून भाच्याचा फोन आला, "मामू, एआय लेना है, कौनसा लेऊं?" घरात आम्ही दखनी बोलतो, आणि हा प्रश्न त्याने टॉवेलचा रंग विचारावा तितक्या सहज विचारला. मी म्हणालो, "अरे, मला का विचारतोस?" तर म्हणाला, "सगळं काम भाषेचंच आहे, म्हणून."

त्याचा चादरी-टॉवेलांचा व्यापार आहे. ऑर्डरी, तक्रारी, भावाची घासाघीस, सगळं आता व्हॉट्सॲपवर येतं. कोणी मराठीत, कोणी कानडीत, कोणी तेलुगूत, आणि निम्मे लोक लिहीतच नाहीत, बोलूनच पाठवतात. उत्तरं द्यायला एकटे दिवाणजी. वय सत्तरीच्या घरात, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. एका विक्रेत्याने भाच्याला सांगितलं होतं की सर्वांत मोठं मॉडेल घ्या, दिवाणजींची गरजच उरणार नाही. भाच्याने पंधरा दिवस ते वापरून पाहिलं, आणि अकराव्या दिवशी बार्शीच्या एका दुकानदाराने न विकलेल्या टॉवेलांचा गठ्ठा परत पाठवला. सोबत यंत्राचाच निरोप: 'न विकलेला माल आम्ही 30 दिवसांत परत घेतो.' असा नियम या दुकानात कधीच नव्हता. यंत्राने तो गोड मराठीत स्वतः तयार केला होता.

भाच्याने माल निमूट परत घेतला. बरं केलं. कॅनडात 'एअर कॅनडा' या विमान कंपनीच्या यंत्राने आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका माणसाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला होता. कंपनीचा बचाव असा, की यंत्राच्या बोलण्याला यंत्रच जबाबदार! ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळला आणि कंपनीला सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. दुकानाच्या पाटीखाली जे बोललं जातं, ते दुकानाचंच.

मग मी सोलापूरला गेलो. पहिल्या दिवशी आम्ही यंत्राला हातही लावला नाही. दिवाणजींना म्हटलं, मागच्या महिन्यातले खरेखुरे शंभर निरोप काढा आणि प्रत्येकाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते वहीत लिहा. ज्या माणसाची नोकरी जायची होती, त्याच्याकडूनच आम्ही उत्तरपत्रिका लिहून घेतली. त्यांना ते कळत होतं. तीन दिवस काही न बोलता सुवाच्य अक्षरात लिहीत राहिले. माझी मान वर होत नव्हती.

मग तीन मॉडेलं बसवली परीक्षेला, एक खूप मोठं, एक मधलं, एक लहान. कोणतं उत्तर कोणाचं, हे झाकून ठेवलं. नाव दिसलं की मत आधीच बनतं. कविसंमेलनात मी हे पुष्कळ पाहिलंय.

काय गमती झाल्या! 'साठ-नव्वद पाठवा', हे चादरीचं माप, साठ इंच बाय नव्वद. एकाने साठ ते नव्वद नग समजून बिलच केलं. 'अडीच डझन' म्हणजे तीस, हे दोघांना जमलं, तिसऱ्याने पंचवीस धरले. आणि आपला 'परवा'! तो मागचाही असतो आणि पुढचाही. 'परवाचा माल कमी आला' आणि 'परवा माल पाठवा' यांतला फरक क्रियापद ऐकल्याशिवाय कळत नाही. मोठ्या मॉडेलला तो बहुतेक वेळा कळला, लहान्याला निम्म्या वेळा. मात्र निरोप ऑर्डरचा, तक्रारीचा की चौकशीचा, एवढी वर्गवारी लहान मॉडेलही मोठ्याइतकीच नीट करत होतं, आणि खर्च त्याच्या कितीतरी कमी.

खर्चाचं गणित मला आवडलं, कारण ते मात्रांसारखं आहे. ही मॉडेलं भाषेचे बारीक तुकडे करतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि पैसे टोकनांवर लागतात. देवनागरीचे तुकडे पूर्वी फार पडत. ओपनएआय कंपनीने मे 2024 मध्ये नवं मॉडेल आणताना स्वतःच एक नमुना दिला होता: एकच वाक्य जुन्या पद्धतीत इंग्रजीत 27 टोकनांचं, मराठीत 96 टोकनांचं. नव्या पद्धतीत मराठीचे 33 झाले. म्हणजे तोवर आपण तेवढंच बोलायला साडेतीनपट मोजत होतो! म्हणून दरपत्रक इंग्रजी वाक्यांवर पाहू नये. आपले निरोप घालून बिल पाहावं.

फुकट उतरवून घेण्याजोगी मॉडेलंही आहेत. मेटा कंपनीने जुलै 2024 मध्ये एकाच घराण्यातली तीन दिली, 8 अब्ज, 70 अब्ज आणि 405 अब्ज आकड्यांची. हे आकडे म्हणजे यंत्राने शिकताना जुळवलेली वजनं. सर्वांत लहान एखाद्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकावर चालतं, सर्वांत मोठ्याला यंत्रांची खोली लागते. आपल्या संगणकावर चालवलं तर गिऱ्हाइकाची उधारी बाहेर जात नाही, हा मोठा फायदा. पण ते सांभाळायला माणूस लागतो, आणि तो फुकट मिळत नाही. भाच्याने तो नाद सोडला. बोललेले निरोप लिहून काढायला आणि भाषांतराला खास वेगळी मॉडेलंही मिळतात. मद्रास आयआयटीच्या 'एआयफॉरभारत'ने 2023 मध्ये 22 अनुसूचित भाषांसाठी तसं भाषांतराचं मॉडेल खुलं केलंय. आमची दखनी त्या यादीत नाही. असो.

आता सत्तेचाळीस नंबरचा प्रश्न. अक्कलकोटच्या जुन्या दुकानदाराचा निरोप होता: 'वडील गेले. ऑर्डर राहू द्या.' तिघांपैकी दोघांनी वाचलं की ऑर्डर कायम ठेवायची आहे. त्यांतल्या एकाने वर लिहिलं, 'आपल्या ऑर्डरबद्दल धन्यवाद!' तिसऱ्याने ऑर्डर रद्द केली आणि दुःख व्यक्त केलं, चार स्वच्छ वाक्यांत. दिवाणजींच्या वहीत होतं: 'उत्तर लिहायचं नाही. फोन करायचा. बाकीचं तेराव्यानंतर.'

भाच्याने ते दोनदा वाचलं आणि वही मिटली.

शेवटी ठरलं ते असं. वर्गवारी लहान मॉडेल करतं. चौकशीचं उत्तर मधलं मॉडेल लिहितं, पण भाव आणि नियम त्याच्या डोक्यातून नाही, दुकानाच्या दरपत्रकातूनच घ्यायचे. तिथे नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणायचं. पाठवण्यापूर्वी दिवाणजी मोठ्या अक्षरात वाचतात. तक्रार, उधारी, मयत, लग्न हे यंत्राकडे जातच नाही. सर्वांत मोठं मॉडेल घेतलंच नाही. विक्रेता नाराज झाला.

कंपन्या जुनी मॉडेलं बंद करून नवी आणतात, तेव्हा परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. दिवाणजींची वही त्यासाठी ठेवलीय. पगार तोच राहिला, वाढला नाही, हेही सांगायला हवं. त्यावरून माझा भाच्याशी वाद चालू आहे. वहीत आता एकशे अडतीस निरोप झालेत. नवीन काही विचित्र आला की दिवाणजी चष्मा वर करून म्हणतात, "हा घाला पेपरात."